मागचं चाक लहानच राहील

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी मला अक्कल शिकवायला नको. माझ्या काचेच्या कपाटात जी दीड वीत लांबीची मोटरसायकल उभी आहे, तिचं मागचं चाक पुढच्यापेक्षा लहान आहे. मला ते दिसतं. गेली कितीतरी वर्षं दिसतं. पण घरी येणारा प्रत्येक माणूस चहाचा कप खाली ठेवायच्या आत मला हे सांगतोच, जणू काही कोलंबसानंतर त्यालाच काहीतरी सापडलंय. मुलाचे मित्र सांगतात, गॅस दुरुस्त करायला आलेला माणूस सांगतो. परवा एक इंजिनिअर पाहुणे तर कपाट उघडून गाडी हातात घेऊनच बसले आणि म्हणाले, "काकू, मागचं चाक मी दोन दिवसांत करून देतो, अगदी मापात." मी म्हटलं, "खाली ठेवा." ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनी ठेवली.

आम्ही तेव्हा गुलमंडीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. गाव गंगापूरकडचं, शेत काकाकडं, आणि वडील शहरात जिनिंग प्रेसमध्ये फिटर. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. सकाळी जिनाचा भोंगा झाला की गल्लीतल्या सगळ्या चुली एकदम घाईला यायच्या. माय भाकरी थापायची, तो थापटण्याचा आवाज आणि समोरच्या कापडदुकानात फर्रकन फाटणाऱ्या मांजरपाटाचा आवाज, या दोन आवाजांत माझं लहानपण गेलं. दुकानदार कापड लोखंडी गजानं मोजायचा. नाना सगळं स्टीलच्या फूटपट्टीनं आणि केसाइतका फरक दाखवणाऱ्या व्हर्निअरनं मोजायचे. आणि आम्ही बाया, म्हणजे मी, माय, पडेगावची मावशी, गोधडीपासून चोळीपर्यंत सगळं वितीनं मोजायचो. वीत पसरायची, पालथी घालायची, पुढं सरकायचं. नानांना त्याचं लई हसू यायचं. "बायकांची वीत आन गुरवाचं घड्याळ, दोन्ही सारखेच," असं ते म्हणायचे. आमच्या गावचा गुरव घड्याळ बघून नाही, भूक लागली की आरतीची घंटा वाजवायचा, म्हणून.

नानांची हत्यारपेटी घरातच असायची, पण तिला आम्ही कुणी हात लावायचा नाही. किल्ली त्यांच्या करदोड्याला. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पेटी उघडायची. पान्हे, कानशी, छिन्न्या, हातोडी, ते चकचकीत व्हर्निअर, सगळं पाटावर मांडायचं. माय प्रत्येकाला हळदकुंकू लावायची, झेंडूचं फूल ठेवायची. त्या दिवशी अवजारानं विश्रांती घ्यायची. साधा खिळा ठोकायचा असला तरी नाना दगडानं ठोकतील, पण हातोडीला हात लावणार नाहीत. हे त्यांना त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं. मायला मात्र मजा वाटायची. ती मला हळूच म्हणायची, "पूजेला मी चालते, आन धरायला नाय चालत. हाय का नाय गंमत?"

मायचा हात मोठा होता. हे लक्षात ठेवा. लहानपणापासून कापूस वेचून, पऱ्हाट्या उपटून तिचा पंजा पुरुषासारखा झाला होता. बांगड्या भरताना कासार दरवेळी वैतागायचा, "वैनी, या मापाची मला वेगळी मागवावी लागते." माझा हात माझ्या आज्जीवर गेलेला, बारका. हमीदचाचा त्याला चिमणीचा पंजा म्हणायचे.

आता हमीदचाचा कोण ते सांगते. पडेगावच्या रस्त्याला मावशीच्या घरासमोर त्यांची पत्र्याची शेड होती. ट्रकची, मोटारींची कामं करायचे. शेडच्या आतल्या कोपऱ्यात, जाड चादरीखाली, एक मोटरसायकल उभी असायची. विलायती, रेसची. पोलीस ॲक्शनच्या आधी एका जहागीरदाराचा मुलगा ती छावणीच्या मैदानावर पळवायचा म्हणे. मग ॲक्शन झाली, जहागिरी गेली, तो हैदराबादकडं निघून गेला आणि गाडी दुरुस्तीला टाकली होती ती तशीच राहिली. चाचांनी ती ना विकली ना वापरली. "अमानत है बेटी," म्हणायचे. दर रविवारी चादर काढून पुसायचे, आणि महिन्यातून एकदा, आतलं इंजिन आखडू नये म्हणून, सुरू करायचे.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मावशीकडं येसराच्या आमटीत भाकरी कुस्करत बसले होते. फळीवरच्या ताटल्या थरथरल्या. मावशी म्हणाली, "मुडदा बशिवला त्या गाडीचा!" आणि मी उष्ट्या हातानंच पळत सुटले. काय दिसली ती मला! एकच भलामोठा सिलिंडर, त्याच्यावर पत्र्याच्या चकत्यांची चळत लावावी तसे थर. लांबच लांब टाकी, तिला दोन्ही बाजूंनी गुडघे रुतायला खळगे. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, म्हणजे बसणाऱ्यानं टाकीवर पालथं पडूनच चालवायची. दिवा नाही, भोंगा नाही, मागं कुणाला बसवायची सोय नाही. मी तिच्या प्रेमात पडले. दुसरा शब्द मला माहीत नाही, आणि असता तरी वापरला नसता.

मी चाचांना म्हटलं, मला हिच्यासारखी लहान गाडी करायची आहे. त्यांनी दाढी खाजवली आणि म्हणाले, "हौ, कर ना. मगर देख के नक्को कर. नाप के कर." तेव्हा मी मोजायला लागले. कशानं? अर्थातच वितीनं. नानांची पट्टी पेटीत, पेटीला कुलूप. मी हिशेब असा ठरवला, की खऱ्या गाडीची एक वीत म्हणजे माझ्या गाडीचं एक पेर. बोटाचं पेर. पुढचं चाक पावणेचार विती भरलं, ते मी पावणेचार पेरांचं केलं. जुन्या चाळणीच्या काठाची पट्टी वाकवून चाकाची धाव केली, तारेच्या ब्रशातल्या तारा काढून आरे घातले, सायकलच्या ट्यूबचा टायर. टाकी तुपाच्या डब्याच्या पत्र्याची. सिलिंडरचे थर मी पत्र्याच्या चकत्या कापून एकावर एक रचले. गल्लीत कल्हईवाला यायचा, त्याच्याकडून कथलाचे उरलेले मणी आणि चिमूटभर नवसागर मागून घ्यायची आणि मायच्या चुलीत उलथन्याचा दांडा तापवून डाग देऊन पत्रा सांधायची. बोटं भाजायची. भाजू देत. शाळेत बाकीच्या मुली रुमालावर मोर काढायच्या. मलाही काढायला लावला होता बाईंनी. माझा मोर बदकासारखा झाला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढचा अर्धा भाग, म्हणजे चाक, हँडल, टाकी आणि इंजिन, असा तयार झाला आणि तेवढ्यात घात झाला. जिनातल्या टाइमकीपरनं नानांना सांगितलं, "तुमची पोरगी मिस्त्र्याच्या शेडात गाडीला विती घालत बसती." नाना घरी आले ते चप्पल न काढताच आत आले. मी कधी त्यांना तसं बघितलं नव्हतं. म्हणाले, "कामून गं? घरात काम नाय तुला?" मी म्हटलं, "मी गाडी करतेय." "कसली गाडी? जिला दिवा नाय, भोंगा नाय, मागं बसायला जागा नाय, ती गाडी कोणत्या कामाची?" मी म्हटलं, "जिंकायच्या कामाची." फाडकन थोबाडीत बसली. मग ते म्हणाले, "पुन्यांदा त्या रस्त्याला पाऊल टाकलंस तर तंगडं मोडून ठेवीन. आन ते जे काय केलंयस ते दिसलं मला, तर चुलीत घालीन." मी रडले नाही. रडले असते तर बरं झालं असतं, त्यांचा राग उतरला असता. पण मी त्यांच्याकडं बघत राहिले, आणि माझी ही खोड अजून गेलेली नाही.

त्या अर्ध्या गाडीला मी ज्वारीच्या कणगीत लपवलं. त्याच आठवड्यात मावशीचा निरोप आला, की जहागीरदाराच्या मुलाचं पत्र आलंय, गाडी विकली गेलीय, गुरुवारी पुण्याचा ट्रक येऊन घेऊन जाणार. मी मायसमोर बसून लसूण सोलत होते. माझ्या हातातला लसूण तसाच राहिला. अर्धी गाडी राहिली होती. मागचं चाक, बैठक, मागचा सांगाडा, साखळीचं अंतर, काहीच मोजलेलं नव्हतं. गुरुवारनंतर जगात कुठं बघायला मिळणार होती मला ती? मी म्हटलं, "माय, मी जाते. मोडू दे तंगडं." माय बोलायचीच नाही नानांसमोर, आणि त्यांच्या पाठीमागंही फारशी नाही. तिनं माझ्या हातातला लसूण घेतला आणि विचारलं, "काय काय राह्यलंय मोजायचं? नीट सांग."

बुधवारी नाना कामावर गेले आणि माय डोक्यावर पदर घेऊन निघाली. दिवेलागणीच्या आधी परत आली. पाय धुतले, पाणी प्याली, मग पदराची गाठ सोडली. आत रंगीत दोरे होते, गोधडीतून उसवलेले. मायला लिहिता येत नव्हतं. तिनं एका वितीला एक मोठी गाठ आणि उरलेल्या बोटांना बारक्या गाठी मारल्या होत्या. "ही लाल चाकाची. हिरवी बसायच्या जागेची. ही पिवळी, ती साखळी म्हणलीस ना, तिची." मी दोरे मांडीवर घेऊन बसले. माय म्हणाली, "मिस्त्रीनं खुर्ची दिली मला. म्या नाय बसले. मोजायला गेले होते का बसायला?" थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "पोटाखालून तेल गळू राह्यलं होतं तिच्या. म्या बोट पुसलं." तिच्या लुगड्याच्या पदराला काळा डाग होता. तो डाग पुढं कधी गेला नाही, आणि तिनं घालवायचा फारसा प्रयत्नही केला नाही.

त्या दोऱ्यांवरून मी मागचा भाग केला. मागचं चाक सव्वातीन विती, म्हणून सव्वातीन पेरं. गाठी मोजायच्या आणि पत्रा कापायचा. दुपारी नाना नसताना कणगीतून काढायची आणि संध्याकाळच्या भोंग्याच्या आधी परत पुरायची. तिच्या टाकीत आजही हलवलं तर ज्वारीचा एक दाणा वाजतो. दोन्ही भाग जोडले आणि मला काहीतरी खुपायला लागलं. गाडी मागं बसल्यासारखी दिसत होती, कुत्रं बसतं तशी. पण खरी गाडी तर पुण्याला गेलेली. मला वाटलं, माझीच आठवण चुकत असेल. मायनं मोजलंय म्हटल्यावर शंका कशाला? वीत म्हणजे वीत. आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं, पण आमच्या घरात हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नव्हता. गोधडी एकजण मोजायची आणि तीच शिवायची.

खंडेनवमी आली. नाना आंघोळीला गेले होते. मायनं पाट मांडला, अवजारं पुसून ठेवली. मी कणगीकडं गेले आणि गाडी घेऊन आले. लपवून लपवून मला वीट आला होता. चुलीत घालायची तर घाला, पण तोंडासमोर घाला, असं माझं झालं होतं. मी मायला विचारलं, "ठेवू?" तिनं माझ्याकडं बघितलं. "तूच केलीस ना? मग ठेव की." मी ती व्हर्निअर आणि हातोडीच्या मध्ये ठेवली. मायनं तिच्या टाकीला हळदकुंकू लावलं.

नाना ओल्या धोतरानं आले आणि थबकले. मला वाटलं, आता गेली चुलीत. चूल चार पावलांवर होती आणि पुरणाच्या डाळीखाली चांगली पेटलेली होती. ते उकिडवे बसले. गाडी उचलली नाही. एका डोळ्यानं समोरून बघितलं, मग बाजूनं, मग गाल जमिनीला लावून खालून. त्यांच्या केसातलं पाणी पाटावर ठिबकत होतं. आणि मग त्यांनी जे केलं ते मी त्यांना आयुष्यात पुन्हा कधी करताना पाहिलं नाही. त्यांनी पूजेतलं व्हर्निअर उचललं, कुंकवासकट. माय "अहो!" म्हणाली. त्यांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी पुढचं चाक मोजलं, मागचं मोजलं, सांगाडा मोजला, बैठक मोजली, आणि ओठातल्या ओठात उर्दूत आकडे म्हणत राहिले. त्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, हिशेब कायम उर्दूत.

मग ते म्हणाले, "पुढचं सगळं एका हिशेबात हाय. मागचंबी सगळं एका हिशेबात हाय. पण हिशेब दोन हायेत." त्यांनी माझा हात धरला, वीत पसरायला लावली, बघितली. "पुढचं माप तुझ्या हाताचं. मागचं ज्यानं मोजलं त्याचा हात मोठा. मोठ्या हाताच्या विती कमी भरल्या, म्हणून चाक लहान झालं." मला त्या क्षणी कळलं, आणि नानांच्या तोंडाकडं बघून दुसरंही काहीतरी कळलं. त्यांचा आवाज बदलला होता. "कुणाचा हात हाय ह्यो? मी नको म्हणलं तरी गेलीस तू? मिस्त्र्यानं मोजून दिलं?" माझ्या मनगटावरची पकड घट्ट झाली. चुलीतलं लाकूड तडतडलं. मी तोंड उघडलं, पण मायचं नाव माझ्या जिभेवर येईना. तिला मार बसलेला मला बघायचा नव्हता.

माय चुलीपासून उठली. पुरणानं बरबटलेला हात तिनं पदराला पुसला, त्याच काळ्या डागाच्या पदराला, आणि नानांसमोर बसून पाटाशेजारी जमिनीवर आपली वीत पसरली. अंगठा इथं, करंगळी तिथं. "ह्यो हात," ती म्हणाली.

नाना बघतच राहिले. "तू गेली?"

"गेले. माझ्या दोन पायांनी गेले."

"मी बंदी केली होती."

"तिला केली होती," माय म्हणाली. "मला कुठं केली होती?"

तिनं आवाज चढवला नाही. पण हातही उचलला नाही. तो मोठा, भेगाळलेला, पुरणाचा वास येणारा पंजा तसाच जमिनीवर पसरलेला होता आणि नानांना त्याच्याकडं बघावं लागलं. लग्नाला सतरा-अठरा वर्षं झाली होती त्यांच्या. त्यांनी तो हात कधी मोजला नव्हता.

माझं मनगट सुटलं. मग नानांमधला फिटर जागा झाला, कारण त्याला गप्प बसवतच नव्हतं. ते म्हणाले, "मागचं चाक काढ. सांगाडाबी काढ. मी माप काढून देतो, नवं कर. चुकीचं काम माझ्या अवजारांत बसायचं नाय." त्यांच्या परीनं ही केवढी मोठी देणगी होती, हे मला आज कळतं. तेव्हाही थोडंसं कळलं होतं. पण मी म्हटलं, "नाही करणार."

"काय?"

"नाही बदलणार. चुकीचं नाहीच ते. पुढचं माझ्या हातानं बरोबर आहे आणि मागचं मायच्या हातानं बरोबर आहे. तुम्हीच मोजलंत आत्ता. कुठं एक सूत तरी फरक आहे का, सांगा."

मी दुसऱ्या थोबाडीची वाट बघत उभी राहिले. नाना उठले. त्यांनी व्हर्निअर पुसलं, परत पाटावर ठेवलं, जागचं हललेलं फूल त्याच्यावर नीट ठेवलं. मग धोतराचा ओला सोगा पिळत म्हणाले, "लई आगाऊ झाली पोरगी," आणि दारात जाऊन उभे राहिले. गाडी त्यांनी पाटावरून काढली नाही. त्या दिवशी त्यांनी पुरणपोळ्या दोनच खाल्ल्या, एरवी पाच खायचे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी ठेवायला कणगीत हात घातला, तर आत आधीच काहीतरी होतं. थंड आणि सपाट. नानांची स्टीलची फूटपट्टी होती ती. मोजताना टाकीत ज्वारीचा दाणा वाजला होता, त्यावरून त्यांनी जागा ओळखली असावी. पेटीला कुलूप पुन्हा लागलेलं होतं, पण पट्टी माझ्याकडंच राहिली. तीच घेऊन मी पुढं नकाशे काढायचं शिकले. वर्गात मी एकटी मुलगी. मास्तर म्हणाले, "इथं भरतकाम शिकवत नाहीत." मी म्हटलं, "बरं झालं, मला येत नाही." तेहतीस वर्षं नोकरी केली, धरणांचे, पुलांचे, कालव्यांचे नकाशे काढले, आणि माझ्या रेघेला कुणा साहेबानं कधी लाल शाई लावली नाही. हे मी फुशारकीनंच सांगते आहे. फुशारकी मारायचं माझं वय झालेलं आहे.

म्हणून त्या इंजिनिअर पाहुण्यांसाठी हे लिहून ठेवते. मला माप येतं. तुमच्यापेक्षा चांगलं येतं. ती पट्टी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि मागचं चाक केवढं हवं हे मी झोपेतसुद्धा सांगेन. येत नाही म्हणून राहिलेलं नाही ते.

माय शेवटची दोन वर्षं माझ्याकडं होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं, बोटं वाकडी झाली होती, वीत पुरी पसरायची नाही. एकदा दुपारी मी तिला धपाटं कुस्करून भरवत होते, तर मध्येच तिनं विचारलं, "ते चाक बदललंस का गं नंतर?" मी म्हटलं, "नाही."

"नको बदलू," ती म्हणाली. "लई चालले होते मी त्या दिशी."

मी विचारलं, "चालत? टांग्यानं नाही गेलीस?" गुलमंडीपासून पडेगाव म्हणजे काय गंमत आहे? आम्ही नेहमी टांग्यानंच जायचो.

"टांगेवाला वळखीचा होता," माय म्हणाली. "तुझ्या बापाला सांगितलं असतं त्यानं." आणि पुढचा घास मागायला तिनं तोंड उघडलं.